बेल्ट न लावलेले दाजी

।। श्री ।।

मेहरूण, जळगाव
१० मार्च २०२५

चि. प्रेमराज यास,
अक्काचे अ. उ. आ. वि. वि.

इकडे सगळं बरं आहे म्हणायचं. माझ्या कानांनी आता कायमची रजा घेतली आहे. ते यंत्र घातलं की नुसत्या शिट्ट्या मारतं, म्हणून कपाटात ठेवून दिलं. तेव्हा फोन करून ओरडत बसू नकोस. तुझं अक्षर अजून चांगलं आहे, लिहीत जा.

पत्राला कारण तसंच घडलंय. यांच्या मोबाईलवर परवा गुजरातेतून चलन आलं. योगेंद्र तो मोबाईल बंद करायचं म्हणत होता, मीच करू दिला नाही. गाडी यांच्या नावावर, म्हणून चलनही यांच्याच नावाने. सूनबाईने, दिपमालाने, ते फोटोसकट छापून आणलं. गुन्हा काय, तर ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्या माणसाने बेल्ट लावलेला नाही. एक मार्चची दुपार, सोनगडजवळचा रस्ता. म्हणजे तू सुरतेहून यांची गाडी घेऊन येत होतास तोच दिवस.

आता मला सांग, शेजारी कोण बसलं होतं? निघताना तुला काय काय बजावलं होतं मी! माणूस परमुलखात गेला, तर त्याच्या बायकोच्या भावाने जाऊन त्याला घरी आणायचं. शेजारची जागा रिकामी ठेवायची. नदी आली की नाव घेऊन सांगायचं, की चला, पूल आला. आणि वाटेत काही झालं तरी मी एकटा आहे असं तोंडातून काढायचं नाही. आपल्या पिंपळनेरच्या घरात हे आजोबांच्या आधीपासून चालत आलंय. तुझे दाजी तीस वर्षं सुरतेत लूमच्या सुट्या भागांचं दुकान सांभाळत राहिले, यंदा अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, कायमचा येतो म्हणाले, आणि फेब्रुवारीत तिकडेच गेले. अग्नी तिकडेच दिला. योगेंद्र मुलगा म्हणून अस्थी घेऊन रेल्वेने आला, पण माणूस आणायचं काम तुझं होतं.

आणि तू शेजारी कुणाला तरी बसवून आलास? तुझा स्वभाव मला माहीत आहे, रस्त्यात कुणी हात केला की तुझी गाडी थांबलीच. मी रागावणार नाही असं खोटं लिहीत नाही, रागावणारच आहे. पण खरं काय ते कळव.

कुंदाला सांग, बिबड्यांचे पापड माझ्यापुरते चारच कर, आता दात ऐकत नाहीत. तुम्हा दोघांवर माझी माया आहे, तुमचीही राहू द्या.

तुझी,
अक्का


।। श्री ।।

देवपूर, धुळे
१५ मार्च २०२५

ती. अक्कास,
प्रेमराजचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग चिडलो, मग चहा प्यालो आणि परत चिडलो. अगं, कसली लिफ्ट? देवाशप्पथ सांगतो, शेजारी कुणी नव्हतं. वाटेत एका पोराने हात केला होता, तर त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दाजींना आणायला तू बांधून दिलेला नारळ त्यांच्या गमछ्यात गुंडाळून सीटवर ठेवला होता. त्यांची पांढरी टोपी मी सीटच्या वरच्या उशीला अडकवली होती, खाली पडून पायाखाली येऊ नये म्हणून. झालं! त्या यंत्राने टोपी बघितली आणि माणूस आहे असं ठरवून टाकलं.

हे चलन मी मानणार नाही. बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी केली, एकदा साधी ताकीद मिळाली नाही. सिग्नल पिवळा झाला तरी मी थांबतो, मागचे शिव्या देतात. आणि या वयात माझ्या नावाला डाग? परराज्यातलं चलन आलं की लोक कुठे खेटे घाला म्हणून मुकाट भरून टाकतात. मी भरणार नाही. अर्ज लिहून तयार आहे. सदर वेळी मी वाहनात एकटाच होतो, हे त्यात तीन ठिकाणी ठासून लिहिलंय. मालकाची वारस म्हणून तुझी सही लागेल. अर्ज सोबत जोडलाय, फुली केली आहे तिथे सही कर आणि लगेच पाठव.

एक राहिलं. योगेंद्रला म्हणावं गाडी एकदा मेकॅनिकला दाखव. सुरतेहून निघाल्यापासून ती फार जड चालत होती, मागे सिमेंटची पोती टाकल्यासारखी. साध्या चढावर धापा टाकायची. मला वाटलं ब्रेक धरतोय. नवापूरच्या अलीकडे चहाला थांबलो आणि काय झालं कोण जाणे, तिथून पुढे एकदम मोकळी झाली. कोंडाईबारीचा घाट तर अशी चढली की मीच दचकलो. सुरतेपासून भजनं मोठ्याने लावलेलीच होती, तुझ्या दारात कधी पोचलो ते कळलं नाही.

कुंदाने चार नाही, चाळीस बिबड्या केल्या आहेत. तुझ्या आशीर्वादाची सावली आमच्यावर असू दे.

तुझा धाकटा भाऊ,
प्रेमराज


।। श्री ।।

मेहरूण, जळगाव
२१ मार्च २०२५

चि. प्रेमराज यास,
अक्काचे अ. उ. आ. वि. वि.

अर्ज मिळाला. सही करणार नाही.

आधी फोटोचं सांगते. मी तो भिंग घेऊन बघितला. तुझी मान डावीकडे वळलेली आहे आणि तोंड उघडं, म्हणजे तू पुलावर यांना हाक देत असशील. शेजारी काचेवर ऊन पडलंय, चेहरा दिसत नाही. टोपी आहे, कबूल. पण टोपीच्या खाली, पुढे डॅशबोर्डवर काहीतरी टेकलंय, ते काय आहे? दुसरं कुणी गाडी चालवत असलं की यांचा डावा तळहात कायम तिथे टेकलेला असायचा, गाडी हातानेच आवरून धरल्यासारखा. योगेंद्र त्यावरून किती चिडायचा तुला आठवत असेल. दिपमाला म्हणाली, आई, सावली असेल ती. मुलगी शहाणी आहे, पण तो फोटो तिने परत हातात घेतला नाही.

आता तुला जे सांगितलं नव्हतं ते लिहिते. तू गाडी दारात लावलीस, मी नारळ उतरवून आत नेला. देवासमोर ज्वारीचं पीठ पसरून त्यावर टोपली पालथी घातली, नाना गेले तेव्हा आईने घातली होती तशी. नानांच्या वेळी पिठावर बोटं उमटली होती, तू लहान होतास, तुलाही उचलून दाखवली होती. यावेळी टोपली उचलली तर पीठ जसंच्या तसं. मुंगीसुद्धा फिरकली नव्हती. मी ते गोळा केलं, तुळशीत घातलं, आणि कुणाला काही बोलले नाही. म्हटलं, आलेच नाहीत. दुकानाचं शटर ओढून तिथेच बसले असतील. प्रेमराज, त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास नीट उतरत नाही रे.

आणि आता हे चलन आलं. म्हणजे निघाले होते. गाडीत बसले होते. सरकारच्या कॅमेऱ्याला दिसले. मग घरी का आले नाहीत? उतरले कुठे?

आखाजी महिन्यावर आली आहे. पितरांत यांच्या नावाची पहिली घागर भरायची. जो माणूस घरात पोचलाच नाही त्याच्या नावाने घागर भरायची कशी? तो बाहेर उन्हात कुठेतरी, आणि आम्ही आत बसून सांजोऱ्या खायच्या? मला ते जमायचं नाही. तेव्हा अर्जाचं वेड डोक्यातून काढ आणि सगळा रस्ता मला परत लिहून पाठव. कुठे थांबलास, कुणाशी काय बोललास, काही गाळू नकोस.

मी रागात लिहिलंय असं वाटलं तर वाटू दे, पण माझ्यावर रुसू नकोस.

तुझी,
अक्का


।। श्री ।।

देवपूर, धुळे
२७ मार्च २०२५

ती. अक्कास,
प्रेमराजचा शि. सा. न. वि. वि.

अक्का, पिठाचं मला का नाही सांगितलंस? वाचून दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. कुंदा म्हणाली, पीठ दमट असेल. मी तिच्यावर उगाच खेकसलो.

रस्ता लिहितो. सुरतेत तापीवर हाक दिली. व्याऱ्याला मिंढोळ्यावर दिली. ट्रॅफिक होतं, शेजारच्या रिक्षावाल्याने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं, तरी दिली. सोनगडच्या पुलावर दिली, तोच तुझ्या फोटोतला क्षण. पुढे नवापूरला रंगावलीवर, साक्रीला कान नदीवर, मग पांझरा, बोरी, अंजनी, आणि शेवटी गिरणा. एकही नदी चुकवली नाही. दाजींना नावाने हाक मारायची सवय नाही, पहिल्या दोन वेळी जीभ अडखळली, पण मारली.

थांबलो फक्त चहाला. नवापूरच्या अलीकडे एक टपरी आहे, पुढे चिंचेचं झाड, दोन बाकडी. टपरीवाली बाई आदिवासी, कुणीतरी गुंताबाई म्हणून हाक मारली तिला. मी चहा सांगितला तर तिने दोन कप मांडले. मी म्हटलं एकच. ती गाडीकडे बघून म्हणाली, की ते दुसरे बाबा नाही का प्यायचे. गाडी उन्हात, काचा वर. मी म्हटलं, बाई, कोण दुसरं, मी एकटाच आहे. तिने खांदे उडवले आणि एक कप परत उलटा ठेवला. मी प्यालो आणि निघालो.

हे लिहिताना माझा हात थांबला, अक्का. तू काय म्हणणार ते मला कळलंय. पण उन्हाने डोकं तापलं होतं, तिने विचारलं आणि तोंडातून निघून गेलं. माणूस बोलून जातो.

आणखी एक सांगतो, शिव्या घालू नकोस. तुझी सही येईना, म्हणून गाडी चालवणारा म्हणून माझ्याच नावाने मी अर्ज टाकला. तो आता निघून गेला आहे. सुनावणी मोबाईलवरच होईल असं कळवलंय, तारीख येईल. त्यात काय लिहिलंय ते तुला माहीतच आहे.

उन्हाचं बाहेर पडू नकोस. माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझा,
प्रेमराज


।। श्री ।।

मेहरूण, जळगाव
३ एप्रिल २०२५

चि. प्रेमराज यास,
अक्काचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी यांच्या मोबाईलवर दुसरं चलन आलं. हे आपल्या महाराष्ट्रातलं. तारीख तीच, घाट उतरल्यावर साक्रीच्या अलीकडे, गाडी प्रमाणाबाहेर जोरात. तू! पिवळ्या सिग्नलला थांबणारा! बेल्टबद्दल त्यात एक अक्षर नाही. दिपमालाने फोटो छापून आणला. तू दिसतोस, तोंड मिटलेलं. शेजारच्या सीटवर ऊन नाही, सगळं स्वच्छ दिसतंय. टोपी उशीला तशीच अडकवलेली आहे, नारळ आहे, गमछा आहे. टोपीच्या खाली काही नाही.

टोपी बघून यंत्र फसलं म्हणतोस ना? मग साक्रीचं यंत्र का नाही फसलं? टोपी तीच होती.

हे चहाला उतरले, तू त्यांच्यासमोर एकटाच आहे म्हणालास, आणि हे परत गाडीत बसले नाहीत. मला यात तिळमात्र शंका नाही. चाळीस वर्षं मी या माणसाबरोबर संसार केलाय. मोठ्या आवाजाने कधी भांडले नाहीत. पण कुणी जेवायला बसताना यांचं ताट मांडायला विसरलं, तर आठवण करून द्यायचे नाहीत, उठून अंगणात जाऊन बसायचे. लग्नात आपल्या काकांनी मांडवात बसा म्हटलं नाही, तर वरातीतला नवरदेव बाहेर लिंबाखाली बसून होता, माहीत आहे ना? तसेच आता तिथे बसले असतील. बोलावल्याशिवाय येणार नाहीत.

तू जा आणि त्यांना घेऊन ये. आखाजीच्या आत. हात जोडून माफी माग. आणि तो अर्ज परत घे. तो चालला तर सरकारच लिहून देईल की तिथे कुणी नव्हतं. मग कुणाच्या तोंडाने बोलवायचं मी यांना?

कुंदाला आशीर्वाद. तुझ्यावर रागावले आहे आणि तुझ्याशिवाय मला दुसरं कुणी नाही, दोन्ही खरं आहे.

अक्का


।। श्री ।।

देवपूर, धुळे
१२ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
प्रेमराजचा शि. सा. न. वि. वि.

जाऊन आलो. माझीच जुनी गाडी नेली.

भर दुपारी पोचलो. टपरीवर ट्रकवाल्यांची गर्दी, एका बाकड्यावर माणसं दाटीवाटीने बसलेली, काही जण उभ्याने चहा पीत होते, आणि चिंचेखालचं, रस्त्याकडे तोंड केलेलं दुसरं बाकडं अख्खं रिकामं. सावली सगळी त्याच्यावरच होती, तरी तिकडे कुणी जाईना. मी गुंताबाईला विचारलं. ती वैतागलेलीच होती. शिमग्याच्या आधीपासून हेच चाललंय म्हणाली. जो येतो तो त्या बाकड्यापाशी जातो आणि वळून तिलाच विचारतो, की आठे कोनी बठेल शे का. ती म्हणते कुणी बसलेलं नाही, बसा. तरी तो माणूस जरा वेळ घुटमळतो आणि उभ्यानेच चहा पितो. तिने बाकडं धुतलं, जागा बदलून बघितली. गिऱ्हाईक बसत नाही ते नाहीच. दिसत कुणालाच काही नाही.

मी मनाशी म्हटलं, हे सगळे मूर्ख आहेत, आपण बसून दाखवू. चार पावलं गेलो, बाकड्याला हात लावला, आणि अक्का, तुझ्या गळ्याची शपथ, माझ्या तोंडातून निघालं, दाजी, जरा सरकता का. मी ते म्हणणार नव्हतो. म्हणायचं ठरवलं नव्हतं. म्हणून झाल्यावर मी तिथेच मातीत बसलो. गुंताबाईने पाणी आणून दिलं.

मग मी हात जोडले, माफी मागितली, नाव घेऊन बोलावलं. लोक बघत होते, बघू दे. दार उघडं धरून किती तरी वेळ उभा राहिलो. निघालो तेव्हा गाडी कागदासारखी हलकी होती. कोंडाईबारीला मी रडलो, तुला लिहायला लाज वाटत नाही. मागे बाकडं रिकामंच, आणि लोक उभेच. माझ्याने ते येणार नाहीत. मी नाही म्हटलं ते त्यांच्या मनाला लागलंय.

सुनावणीची तारीख आली, अठ्ठावीस एप्रिल. अर्ज आता परत घेता येतो का ते विचारतोय, कुणी धड उत्तर देत नाही.

काय करू ते तूच सांग. तुझा हात माझ्या डोक्यावर असू दे.

प्रेमराज


।। श्री ।।

मेहरूण, जळगाव
२३ एप्रिल २०२५

चि. प्रेमराज यास,
अक्काचे अ. उ. आ. वि. वि.

तुला न सांगता गेले, म्हणून आधीच सांगते, ओरडू नकोस. योगेंद्र पुण्याला होता, त्यालाही कळवलं नव्हतं. दिपमाला शिकवते त्या शाळेला सुटी होती, तिला म्हटलं, मला नवापूरला घेऊन चल. का म्हणून विचारलं नाही तिने. यांचीच गाडी काढली. मी मागे बसले.

टपरी तू लिहिलीस तशीच. मी बाकड्यापाशी गेले आणि बसले, कडेला, यांच्या डावीकडे, घरी झोपाळ्यावर बसायचे तशी. उभे राहिलेले दोघे-तिघे ड्रायव्हर वळून बघायला लागले. मी दोन चहा सांगितले. गुंताबाईने दोन कप आणून दोघांच्या मधे ठेवले, बाई समजूतदार आहे. मी काही विनवलं नाही. आयुष्यभर कधी विनवलं नाही, आता कुठे शिकणार! घरची चार गाऱ्हाणी सांगितली. पाण्याची मोटर जळली आहे. योगेंद्र लठ्ठ होत चाललाय, माझं ऐकत नाही. यंदा मेहरूणची बोरं कुणी आणलीच नाहीत, हंगाम तसाच गेला. बोलता बोलता चहा संपला. शेजारच्या कपावर साय धरली होती. मग म्हटलं, प्रेमराज लहानपणापासून बावळट आहे, त्याचं बोलणं मनाला लावून बसायचं का तुमच्यासारख्यांनी? मला एवढं ऊन सोसत नाही, मी निघाले, तुम्ही या. आणि उठून गाडीत जाऊन बसले. मागे बघितलं नाही. भीती वाटत होती, प्रेमराज. येणार नाहीत याची.

दिपमालाने गाडी सुरू केली आणि आरशात बघत राहिली. मग मला हाताने खुणावलं. मी काचेतून बघितलं तर एक ट्रकवाला आला, त्या बाकड्यावर फडका झटकला आणि पाय पसरून बसला. कुणाला विचारलं नाही.

गाडी जरा पुढे गेली आणि दिपमालाने एकदम कडेला घेतली. मला काही ऐकू येत नाही, तिचं तोंड तेवढं दिसत होतं. शेजारच्या सीटवर बसलेल्याने बेल्ट लावला नाही की ही गाडी टिंगटिंग वाजते म्हणे, सीटवर वजन पडलं की तिला कळतं. तुझ्या वेळीही वाजली असेल, तू भजनांच्या दणक्यात ऐकली नसशील. दिपमालाने रिकाम्या सीटकडे बघितलं. मग तिने वाकून पलीकडचा बेल्ट ओढला आणि नीट खटका लावून बसवला. वाजायचं थांबलं असं तिने मानेनेच सांगितलं. पूर्ण रस्ता तिने गाडी अगदी सावकाश चालवली, नदी आली की हाक मी मागून देत होते. गिरणेच्या पुलावर मात्र तिचे ओठ हलताना दिसले. घरी आल्यावर मी विचारलं, तेव्हा लाजून म्हणाली, की पप्पांना सांगत होते, गिरणा आली.

आले, प्रेमराज. घरात आहेत. कसं कळलं विचारू नकोस. मी काल पोटभर जेवले.

आता तुझी सुनावणी. माझ्या जिवाला तेवढाच घोर आहे. तू परत तेच म्हणालास, भर न्यायालयात, तर हे चपला घालून निघतील. यावेळी टपरीवरही थांबणार नाहीत. बाबा रे, तुला डाग लागला तरी चालेल, मी माझ्या हाताने पुसेन. पण ते नको म्हणूस.

आम्हा दोघांचे तुम्हा दोघांना आशीर्वाद.

अक्का


।। श्री ।।

देवपूर, धुळे
२९ एप्रिल २०२५

ती. अक्कास व ती. दाजींस,
प्रेमराजचा शि. सा. न. वि. वि.

काल सुनावणी झाली. सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला, मोबाईल भिंतीला टेकवून खुर्चीवर बसलो. कुंदा दारात उभी होती. माझ्या आधी बरेच जण होते, प्रत्येकाचं दोन मिनिटांत आटपत होतं. मॅजिस्ट्रेटबाई पोक्त होत्या, हिंदीत बोलत होत्या, आवाज मऊ होता. मी ठरवलं होतं की अर्ज मागे घेतो म्हणून सांगायचं आणि मोकळं व्हायचं.

पण बाईंनी मला बोलूच दिलं नाही. त्यांनी माझा अर्ज वाचला होता, फोटो मोठा करून बघितला होता. म्हणाल्या, की टोपी स्पष्ट दिसतेय, उशीला अडकवलेली, यंत्राची गफलत दिसते. तुम्ही वयस्क आहात, आधी कधी चलन झालेलं नाही, मी हे रद्द करते. फक्त एकदा तोंडी सांगा, की त्या वेळी गाडीत तुम्ही एकटेच होतात.

अक्का, एवढंच म्हणायचं होतं. हो म्हटलं की झालं. दीड महिना मी ज्याच्यासाठी भांडत होतो ते बाई ओंजळीत आणून देत होत्या. पण खुर्चीच्या डाव्या बाजूला बघायची हिंमत होईना. बाईंनी पुन्हा विचारलं, की आवाज येतोय ना.

मी म्हणालो, की नाही साहेब, एकटा नव्हतो. अर्जात मी खोटं लिहिलंय. शेजारी माझे दाजी बसले होते. बेल्ट मी लावायला सांगायला हवा होता, ती माझी चूक.

बाईंनी नाव विचारलं. मी सांगितलं, चुडामण. त्यांनी कागद खाली-वर केले. गाडीच्या मालकाचं नाव तेच, आणि त्यांच्या निधनाचा दाखला मीच अर्जाला जोडला होता, फेब्रुवारीचा. त्यांनी तो दाखला वाचला, मग चलनाची तारीख वाचली, मग फोटो परत बघितला. बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं आता हा म्हातारा न्यायालयाची थट्टा करतोय म्हणून झापतील. त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, की मी काय कबूल करतोय ते मला समजतंय ना. मी म्हटलं, समजतंय.

त्यांनी चलन कायम केलं. दंड भरायला सांगितला, मी तिथल्या तिथे भरला. माझ्या नावाला लागायचा तो डाग लागला, आणि खरं सांगतो, छातीवरून काहीतरी उतरलं.

पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं. मी मोबाईल बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात बाईंनी थांबायला सांगितलं. पडद्याजवळ वाकल्या आणि अगदी हळू, घरातल्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, की मग ते घरी पोचले का.

मी सांगितलं, की हो, पोचले.

उद्या आखाजी. आम्ही दोघं दुपारपर्यंत येतो. दाजींना म्हणावं, माझ्यावरचा राग सोडा.

तुमचा,
प्रेमराज